तुरीच्या मुळात कोण राहतं?

पोळा होऊन गेला, पावसाने उघडीप दिली आणि जमिनीला वाफसा आला, की तुरीचं एखादं झाड खणून काढावं. उपटू नये. उपटलं तर जे बघायचं तेच मातीत राहून जातं. खोडापासून वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी कुदळ मारायची, ढेकळासकट झाड उचलायचं आणि पाण्याने भरलेल्या बादलीत भिजत ठेवायचं. काळी माती चिवट असते, तिला वेळ द्यावा लागतो. पाणी गढूळ होत जातं, माती सुटत जाते आणि पांढुरक्या मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला लागतात.

त्यातली एखादी टपोरी गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी निघते, कधी कधी चांगली लाल. तो रंग हिमोग्लोबिनचा आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा दूरचा भाऊबंद, मध्यभागी तसाच लोहाचा अणू धरून बसलेला, आणि त्याचं काम ऑक्सिजन वाहण्याचंच. जपानी संशोधक कुबो यांनी 1939 मध्ये हा लाल पदार्थ ओळखला. ज्या झाडाला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, त्याच्या मुळात हिमोग्लोबिन कशाला? कारण त्या गाठीत झाड एकटं नसतं. तिथे लाखो जिवाणू राहतात. आणि ते झाडाच्या पेशींच्या फटीत नव्हे, पेशींच्या आत राहतात.

हे बदनापूरच्या शिवारात बघण्यात मला विशेष गोडी वाटते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की साधारण 20 किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथे आहे, आणि मराठवाड्यातला तूर पेरणारा शेतकरी ज्या नावांनी बियाणं मागतो त्यांतली कितीतरी नावं इथली आहेत: बीएसएमआर 736, बीडीएन 711, बीडीएन 716, अलीकडची गोदावरी. बीडीएन म्हणजे बदनापूर. या वाणांची चर्चा होते ती दाण्याच्या रंगाची, किती दिवसांत येतो याची, एकरी उताऱ्याची. जमिनीच्या वर दिसतं त्याची. खाली जे चाललेलं असतं ते वरच्यापेक्षा तिळमात्र कमी नाही.

थोडा वेळ समुद्राकडे जाऊ. मराठवाड्याला समुद्र नाही, पण तुरीच्या मुळाने सोडवलेलं कोडं समुद्रातल्या एका फार जुन्या प्राण्यालाही सोडवावं लागलं आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला पाणी मागे सरलं, की खडकाच्या कडेला पिवळे, नारिंगी मऊ थर दिसतात. ते स्पंज. त्यांना तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगभर बारीक छिद्रं, त्यातून पाणी आत ओढायचं, गाळायचं आणि पुन्हा बाहेर सोडायचं. पाण्यातले जिवाणू हे त्यांचं मुख्य अन्न. आणि तरीही काही जातींच्या स्पंजांत शरीराच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, जिवंत जिवाणूंचा असतो. जो प्राणी दिवसभर जिवाणू गिळतो त्याच्याच अंगात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतात, आणि तो त्यांना पचवत नाही!

हे कसं साधतं याचा एक धागा ऑस्ट्रेलियात सापडला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी स्पंजात राहणाऱ्या जिवाणूंची काही विशिष्ट प्रथिनं बनवण्याची सूचना साध्या ई. कोलाय जिवाणूत घातली आणि तो अमिबाला खायला दिला. अमिबाने तो गिळला, पण नेहमीसारखा पचवला नाही. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. गिळणाऱ्याची पचनाची यंत्रणाच थोपवून धरणारं काहीतरी त्या प्रथिनांत आहे. स्पंजाच्या अंगातली वस्ती टिकते त्यात या युक्तीचा वाटा असावा.

तुरीचं संकट याहून बिकट आहे, आणि ते बदनापूरला चांगलं ठाऊक आहे. मूठभर मातीत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. त्यातले बहुतेक मुळाच्या वाटेला जात नाहीत, काही मुळावर जगतात आणि काही मुळाला मारतात. तुरीच्या जिवावर उठणारी बुरशी फ्युजेरियम उडम. ती मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि त्या बंद करून टाकते. फुलोऱ्यात आलेलं, काल-परवापर्यंत हिरवंगार असलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. हा मर रोग. दुसरा शत्रू वांझ रोग, कोळी कीड पसरवते तो विषाणू. त्यात झाड दाट हिरवं वाढतं पण फूल धरत नाही. या दोघांना दाद न देणारी तूर तयार करणं हे बदनापूरच्या पैदासकारांचं वर्षानुवर्षांचं काम आहे.

आता नीट बघा काय घडतंय ते. एकच मूळ, एकच माती. त्या मुळाने एका सूक्ष्मजीवाला बाहेर अडवायचं आणि दुसऱ्याला थेट पेशीच्या आत घ्यायचं. मर रोगाला दाद न देणाऱ्या तुरीच्या मुळावरही गाठी धरतातच. म्हणजे तिने सरसकट सगळ्यांना बंदी केलेली नाही. तिला ओळख पटते.

ही ओळख पटवण्याची रीत कळली तेव्हा मी थक्क झालो. बोलायला सुरुवात झाड करतं. तुरीचं कोवळं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड वर्गातली द्रव्यं सोडतं. आसपासच्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंना ती जाणवतात. तुरीच्या बाबतीत हे बहुधा ब्रॅडीरायझोबियम नावाचे, सावकाश वाढणारे जिवाणू असतात. ती द्रव्यं पोचली की जिवाणू उत्तरादाखल स्वतःचा एक रेणू सोडतात, त्याला नॉड घटक म्हणतात. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी 1990 मध्ये त्याची रचना उलगडली. चार-पाच शर्करेसारख्या कड्यांची छोटी साखळी आणि तिला स्निग्धाम्लाची शेपटी. तो इतका प्रभावी, की पाण्यात नावालाही जाणवणार नाही एवढ्या प्रमाणात असला तरी मुळावरचा केस वळायला लागतो.

आणि ती साखळी कशाची आहे? कायटिनची. बुरशीच्या पेशीभित्तीत असतं तेच कायटिन. झाडांना कोट्यवधी वर्षांच्या अनुभवाने कायटिनचा तुकडा म्हणजे बुरशी आली, सावध व्हा, एवढं पक्कं कळलेलं आहे. मित्र जिवाणू आपली ओळख सांगायला वापरतो तो ऐवज शत्रूच्या अंगावरचाच, फक्त लहान आणि शेपटी लावलेला. झाडाच्या पेशीवर हे ओळखणारी प्रथिनं असतात, तीही एकमेकांची सख्खी भावंडं: एक कायटिन ओळखून लढाईला उभं करतं, दुसरं नॉड घटक ओळखून वाट मोकळी करतं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या गटाने 2020 मध्ये दाखवलं, की या दोन प्रथिनांतला फरक मुख्यतः एका लहानशा भागात आहे. एका द्विदल वनस्पतीत त्यांनी तो भाग बदलला, तर शत्रू ओळखणारं प्रथिन मित्राला ओळखून गाठी धरण्याचं काम करायला लागलं. शत्रू आणि मित्र यांच्यातली सीमा एवढी बारीक, आणि तुरीचं मूळ अंधारात, ओल्या चिखलात ती अचूक पाळतं.

ओळख पटल्यावर मुळाचा केस आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग केसाच्या भिंतीला आतल्या बाजूने एक बारीक नळी फुटते. जिवाणू वाढत, विभागत त्या नळीतून आत सरकतात. त्याच वेळी मुळाच्या आतल्या पेशी विभागायला लागतात. पाहुणा पोचण्याआधीच गाठीची तयारी सुरू झालेली असते. नळीच्या टोकाशी जिवाणू पेशीत उतरतात तेही झाडाच्याच पातळ पडद्यात गुंडाळून. भुईमूग मात्र ही वाट घेत नाही. त्याच्यात जिवाणू आडमूळ जिथे फुटतं तिथल्या फटीतून शिरतात. द्विदलांनी या एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे मार्ग शोधलेले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर नत्रासाठी. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. बदनापूरच्या शेतावरून वाहणारा वाराही मुख्यतः नायट्रोजनचाच. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून असतात, की झाडाला तो उपयोगी पडत नाही. माणसाने हा बंध तोडला तो फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीने. जर्मनीत ओपाऊ इथे 1913 मध्ये पहिला मोठा कारखाना सुरू झाला. 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेपट दाब. युरियाच्या प्रत्येक गोणीमागे आजही हीच पद्धत आहे. तुरीच्या गाठीतला जिवाणू हेच काम मातीच्या तापमानात, नेहमीच्या दाबात करतो. त्याच्याकडे नायट्रोजनेज नावाचं विकर आहे, ज्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनमचे अणू विलक्षण रचनेत बसवलेले असतात. फुकट मात्र काही होत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूसाठी पेशीतलं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे 16 रेणू खर्ची पडतात. ती ऊर्जा झाडाने पानात बनवलेल्या साखरेतून येते.

इथे एक पेच आहे. नायट्रोजनेजला ऑक्सिजन लागला की ते कायमचं बिघडतं. आणि एवढी ऊर्जा तयार करायची तर जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच. म्हणून तो लाल रंग. हिमोग्लोबिन गाठीतला मोकळा ऑक्सिजन जवळजवळ सगळा पकडून ठेवतं आणि जिवाणूच्या अगदी जवळ नेऊन थोडा थोडा सोडतं. श्वास चालतो, विकर वाचतं. म्हणूनच शेतात गाठ फोडून बघण्याला अर्थ आहे. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही, किंवा आत राहणारा काही कामाचा नाही. हिरवट-तपकिरी असेल तर तिचे दिवस भरले. आणि बोटाने सहज निघून येत नसेल, मूळच फुगल्यासारखं दिसत असेल, तर ती ही गाठ नव्हे. सूत्रकृमींनी केलेलं नुकसान आहे ते.

गाठींचं हे काम पहिल्यांदा उलगडलं 1886 मध्ये. त्या वर्षी हर्मान हेलरीगेल यांनी बर्लिनच्या परिषदेत सांगितलं, की द्विदलं हवेतला नायट्रोजन वापरतात आणि ते मुळावरच्या गाठींमुळे. या कामात विल्फार्थ त्यांचे सहकारी होते. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. ज्वारीत तुरीचं तास टाकणारी, हरभऱ्याच्या रानात दुसऱ्या वर्षी पीक जोमाने येतं हे ओळखून फेरपालट करणारी आपली शेती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या जिवाणूंच्या भरवशावर चालत होती.

झाड या जिवाणूंना पोसतं, पण आंधळेपणाने नाही. पहिल्या गाठी धरल्या की मुळाकडून वर निरोप जातो, पानांकडून खाली उत्तर येतं आणि नव्या गाठी धरणं आवरतं घेतलं जातं. किती गाठी परवडतील हे ठरवण्यात पानांचा हात असतो, कारण साखर तिथे बनते. जमिनीत नत्र भरपूर असेल तर झाड गाठींच्या भानगडीत फारसं पडतच नाही. तुरीला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद अशी शिफारस असते. बहुतेक शेतकरी एकरी डीएपीची एक गोणी टाकतात ती याच हिशेबाच्या जवळ जाते. हे थोडं नत्र गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहे. तूर पिवळी दिसली म्हणून वरून युरिया ओढणारा शेतकरी नकळत गाठींनाच सुट्टी देतो.

आणि आत शिरलेला जिवाणू नुसता खाऊन बसला तर? टोबी कीर्स आणि फोर्ड डेनिसन यांच्या गटाने कॅलिफोर्नियात सोयाबीनवर एक सुंदर प्रयोग केला, तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्यांनी आर्गॉन भरला. जिवाणू तेच, पण आता त्यांना नत्र देणं शक्यच नव्हतं. झाडाच्या दृष्टीने ते कामचुकार ठरले. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ इतरांच्या निम्म्यावर आली. प्रत्येक गाठीचा वेगळा हिशेब झाड ठेवतं, मेंदू नसताना.

गाठीत फक्त रायझोबियमच असतात असंही नाही. आतला भाग निर्जंतुकपणे काढून तपासला तर बॅसिलस, स्यूडोमोनास असे इतरही जिवाणू सापडतात. त्यातले काही स्फुरद मोकळं करतात, काही बुरशीला अडवतात. स्पंजात जशी अनेक जातींची वस्ती असते तशी इथेही छोट्या प्रमाणावर आहे. शिवाय बाहेरून टपलेलेही आहेत. रिव्हेलिया नावाच्या माशीची अळी तुरीच्या गाठी आतून कोरून रिकाम्या करते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत हे बारकाईने पाहिलं गेलं, आणि लाल जमिनीपेक्षा काळ्या जमिनीत हे नुकसान जास्त आढळलं. तेव्हा बादलीत धुतलेल्या मुळावर गाठीचं नुसतं पोकळ टरफल हाताला लागलं तर ते या अळीचं काम असू शकतं.

जोडीदारी किती पुढे जाऊ शकते हे पुन्हा समुद्रानेच दाखवलं आहे. एका एकपेशीय सागरी शैवालात राहणारा, नायट्रोजन पकडणारा जिवाणू आता स्वतंत्र जीव उरलेला नाही. तो त्या पेशीचा अवयव झाला आहे, पेशीबरोबरच विभागतो आणि लागणारी बरीचशी प्रथिनं पेशीकडून घेतो. जोनाथन झेर यांच्या गटाने 2024 मध्ये हे मांडलं आणि त्या अवयवाला नायट्रोप्लास्ट म्हटलं. जपानच्या क्योको हागिनो यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने ते शैवाल प्रयोगशाळेत वाढवलं नसतं तर हे कळलंच नसतं.

तूर तितकी पुढे गेलेली नाही. तिच्या गाठीतले जिवाणू पीक निघाल्यावर, गाठ कुजल्यावर पुन्हा मातीत जातात आणि पुन्हा स्वतंत्रपणे जगू शकतात. मेथीचं तसं नाही. तिच्या गाठीत शिरलेल्या जिवाणूंवर झाड स्वतःची प्रथिनं सोडतं. ते फुगतात, नत्र जोमाने देतात, पण पुन्हा कधीच विभागू शकत नाहीत. हरभऱ्याचीही रीत अशीच आहे. म्हणजे एकाच शिवारात खरिपाच्या तुरीतले पाहुणे घरी परततात आणि रब्बीच्या हरभऱ्यातले बहुतेक परतत नाहीत. ज्यांनी नळीतच मुक्काम केला तेवढेच वंश चालवायला उरतात.

आणि एका बाबतीत स्पंज तुरीपेक्षा सुखी. कित्येक स्पंज आपल्या पिल्लांना जन्मतःच काही जिवाणू सोबत देतात. तुरीच्या बीत हे जिवाणू नसतात. प्रत्येक रोपाला आपले सोबती मातीतून नव्याने मिळवावे लागतात. पेरणीआधी रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात आणि बी सावलीत सुकवतात ते यासाठी. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. पाकीट उन्हात ठेवलेलं असेल तर आत मेलेल्या जिवाणूंची भुकटी उरते. पाकिटावर पिकाचं नाव बघूनच घ्यावं लागतं, कारण हरभऱ्याचा जिवाणू तुरीला चालत नाही.

सोयाबीन मराठवाड्यात आलं तेव्हा त्याचा जोडीदार इथल्या मातीत मुरलेला नव्हता, तो पाकिटांतूनच आला. तुरीचं कोडं उलट आहे. तुरीला चालणारे जिवाणू इथल्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, भरपूर आहेत, पण सगळेच कामसू नाहीत. पाकिटातला चांगला जिवाणू पेरला तरी मुळापाशी त्याला या स्थानिकांशी झुंजावं लागतं, आणि बहुतेक जागा स्थानिकच पटकावतात. म्हणून इथल्याच मातीतून, इथल्याच उन्हाळ्याला सरावलेले आणि तरी भरपूर नत्र देणारे जिवाणू शोधणं महत्त्वाचं आहे. नव्या वाणाच्या माहितीपत्रकात कालावधी, दाण्याचा रंग, मर आणि वांझ रोगाला प्रतिकार एवढं आवर्जून दिलेलं असतं. कोणत्या जिवाणूबरोबर या वाणाच्या गाठी लाल होतात याचाही एक रकाना त्यात असावा असं मला फार वाटतं. आणि तो भरायची सुरुवात करायला बदनापूरच्या काळ्या रानाइतकी योग्य जागा दुसरी मला सुचत नाही.